तलावाच्या सुनेची हजेरी

बाई, चिचगडापासून त आपल्या झाडीतल्या प्रतापगडाच्या पायथ्यापर्यंत बाईमानसाचा आवाज काढनारा माझ्यासारखा दुसरा गडी नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. मागच्या दंडारीच्या खेळात मी रानी होऊन पयलंच वाक्य म्हनलो, तवा मागच्या रांगेतला एक जन उठला आन आपला बोकड सुटला का काय ते पाहाले गेला.

ही गोष्ट मी तुमाले सांगितली होती, तवा तुमी पदर तोंडाशी नेल्या आन म्हनल्या, "पुरे, डोमाभाऊ." गावात मले सारे डोम्या म्हनते. कोनी डोमाभाऊ म्हनलं का मी मागं वळून पाहत होतो, दुसरा कोनी भला मानूस उभा हाये का म्हनून. तुमी एकट्याच तसं म्हनत होत्या. तो डोमाभाऊ तुमच्यासंगं गेला. उरला तो डोम्या, शाळेत घंटेच्या जागी टांगलेला रूळ वाजवनारा.

तुमाले जाऊन आज सोळा दिवस झाले. पोट्ट्यायनं एक वही शिवली हाये. जिनं तिनं तुमाले एक पान लिहायचं, असं त्यायनं ठरवलं. मले बी एक पान देल्लं. मले लिहता कुठी येते? तुमी मले एक अक्षर शिकवल्या होत्या, ते मी पाटीवर काढलो त तुमी म्हनल्या, "हे झोपलं आहे, डोमाभाऊ, याला उठवा." अजून उठलं नाही. म्हनून मी बोलून राह्यलो आन सगुना लिहून राह्यली. तेच सगुना, तुमच्या वर्गातली सगळ्यात मोठी पोट्टी, जिच्या डोळ्यात पाहून खोटं बोलाची माझी छाती होत नाही. अक्षर तिचं, अक्कल माझी. म्हनजे पान अर्धं कोरंच समजा.

तुमी आल्या तो दिवस आठवते? लहान गाडीतून टेशनावर उतरल्या. एक पेटी, एक छत्री. हेडगुरुजीनं मले बैलाची रेंगी जुंपून धाडलं होतं. मी ऐटीत पेटी डोक्यावर घेतलो, पाय सटकला आन पेटीसकट चिखलात बसलो. तुमी पयले पेटी उचलल्या, मंग मले. बरोबरच केल्या. पेटीत पुस्तकं होती.

रस्त्यानं तुमी ईचारल्या, "शाळा कुठे आहे?"

"तलावाच्या पाळीखाली, जी."

"तलाव कुणाचा?"

"सुनेचा."

"नाव काय तिचं?"

मी हासलो. "सुनेले नाव कायले लागते, जी? सून म्हनजे सून."

मंग गाव येईपर्यंत तुमी एक शब्द बोलल्या नाही. मले वाटलं, बाईले रेंगीचे धक्के लागून राह्यले. आता समजते का धक्का मीच देल्लो होतो. आपलं भांडन तिथून लागलं, आन ते मिटायच्या आधीच तुमी उठून चालल्या गेल्या.

ही वही तुमच्या भावाकडं जानार हाये, त्यानं हे पान वाचलं त त्याले समजावं म्हनून सांगतो. आमच्या मालगुजाराचा खापरपनजा कोहळी, पिढीजात तलाव बांधनारा. त्यानं पाळ घातली, फुटली. पुन्ना घातली, फुटली. तिसऱ्यांदा फुटली तवा त्याले सपन पडलं का घरची लक्षुमी दे. मोठ्या सुनेले नवं लुगडं नेसवलं, हातात दिवा देल्ला आन फुटल्या जागी उभं केलं. चार बाजूनं माती पडली. पाळ उभी राह्यली ते आजपावेतो. गावची बाई सकाळी पयला घडा भरते तवा ओंजळभर पानी मागं तलावात टाकते, सुनेच्या वाट्याचं. पन तिले हाक कोनी मारत नाही. हाक मारली का ते येते, म्हनतेत.

दंडारीत ते सून मी वीस वर्सं झालो. हातात दिवा घेऊन हासत हासत पायरी उतरतो, गानं म्हनतो, बाया डोळे पुसते. तुमी एकदा पाह्यल्या आन दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या रुळाखाली येऊन उभ्या.

"डोमाभाऊ, ती हसत गेली हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माझ्या बापानं, जी. तो बी सून होत होता."

"आणि त्यांना?"

"त्याच्या बापानं."

"म्हणजे सगळे बाप्येच. तिला कुणी विचारलं का?"

मी म्हनलो, "मातीखाली गेलेल्या बाईले कसं ईचारावं?"

"आपण विचारू," तुमी म्हनल्या. जशी कोनी शेजारनीकडं विरजन मागाले जाते, तशा आवाजात. माझ्या पाठीवर काटा आला. पन मी काय करतो? रूळ वाजवलो.

मंग तुमचा तो खेळ सुरू झाला. आत हेडगुरुजी पोरायकडून पाढे घोकून घेत, आन बाहेर पडवीत तुमचा वर्ग. सात पोट्ट्या, आपापला पोत्याचा तुकडा आंथरून. सकाळी तुमी प्रत्येकीच्या हातात पळसाचं एक पान देत होत्या. पानावर बाभळीच्या काट्यानं कोन्या नामी बाईचं नाव कोरलेलं. त्या दिवशी ते पोट्टी म्हनजे ते बाई. झाशीवाली, घाट बांधनारी इंदूरवाली, हत्तीवरची गोंड रानी, किल्ल्यावरच्या राजाची माय, जात्यावर अभंग म्हननारी. नावं मले कुठी ध्यानात राहते? मी आपला गावावरून आन कामावरून ओळखत होतो, जसं पावन्यायले ओळखते.

हजेरी बी त्याच नावानं. मंग एकेकीनं उलट्या टोपलीवर बसायचं आन बाकीच्यायनं सवाल ईचारायचे. तुमचा नेम एकच होता, लढाईचं ईचारायचं नाही. ते पुस्तकात हाये. सकाळी काय जेवली, घोड्याले पानी कोन पाजे, पयल्यांदा भेव कवा वाटलं, ते ईचारायचं.

एक दिवस हत्तीवरच्या रानीची माय शेनानं भरल्या हातानं शाळेत आली. "काहो बाई, हे काय शिकवून राह्यल्या तुमी? इनं काल भांडे घासाले नाही म्हनलं. म्हनते रानी भांडे नाही घासत!"

तुमी टोपलीवरच्या पोट्टीकडं वळल्या. "राणीसाहेब, छावणीत भांडी कोण घासत होतं?"

त्या पोट्टीनं मायच्या शेनाच्या हाताकडं पाह्यलं. मंग म्हनली, "वेढा पडला तवा मीच." आन उठून मायच्या मागं मागं घरी गेली, घासाले. मी भिंतीआड तोंडात गमचा कोंबून हासलो.

पन त्या पडवीत आठवा तुकडा बी होता, बाई. तो तुमी स्वतः आंथरल्या होत्या. त्यावर पळसाचं कोरं पान. हजेरीत सगळ्यात शेवटी तुमी म्हनत होत्या, "तलावाची सून?" पयल्या दिवशी तुमी असं म्हनल्या तवा पाळीवर सारसाची जोडी ओरडून राह्यली होती, ते बी थांबली. तुमी थोडं थांबल्या, उशिरा येनाऱ्या पोट्टीसाठी थांबावं तसं. मंग वही मिटल्या. असं दररोज.

मी तुमाले म्हनलो, "बाई, हे नका करू. गावात तिले कोनी हाक नाही मारत."

तुमी म्हनल्या, "पाणी रोज पिता ना तिचं? माहेरचं एक नाव, सासरी आल्यावर दुसरं. दोन नावांची बाई, आणि एकही उरलं नाही. निदान हाक तरी मारू."

चार दिवस मी कळ काढलो. पाचव्या दिवशी माझ्यातलं गाढव जागं झालं. भिंतीमागं बसून, नाक दाबून, वीस वर्साची सारी कला लावून मी म्हनलो, "हजर!"

पोट्ट्या किंचाळल्या. एक त पडवीवरून उडी मारून थेट पांदीत. एकट्या सगुनानं भिंतीकडं पाह्यलं आन म्हनलं, "मामा, तुमचं धोतर दिसून राह्यलं."

तुमी रागावल्या असत्या त बरं झालं असतं. तुमी हळू म्हनल्या, "डोमाभाऊ, ज्याला हाक मारली त्यानंच ओ द्यावी. दुसऱ्यानं दिली, तर येणारं माणूस दारातून परत जातं."

मी कान धरलो. त्यानंतर एकदा बी ओ देल्लो नाही. बाई, हे ध्यानात ठेवजा. एकदा बी नाही.

मंग पावसाच्या तोंडावर तुमी पोट्ट्यायले म्हनल्या, चला, पाळ बांधू. शाळेच्या आंगनात, वीतभर उंच. तिच्या मागं घड्यानं पानी ओतायचं. पोट्ट्यायनं सुकी माती ओढली, पानी आलं, फुटली. मातीत गोटे घातले, फुटली. तिसऱ्यांदा शेन कालवलं, तरी फुटली आन पानी तुमच्या पायावरून गेलं. मी घडे आनून आनून कमरेत असा वाकडा झालो का माझी बायको म्हनली, आता तुमी सरळ चालनाऱ्यायपेक्षा बरे दिसता.

तिसऱ्यांदा पाळ फुटल्यावर सगळ्यात लहान पोट्टी धावत घरी गेली आन चिंधीची बाहुली घेऊन आली. "बाई, हे सून. टाकू का जी?"

कोनी तिले शिकवलं नव्हतं. दंडारीत पाह्यलं होतं तिनं. माझ्याच दंडारीत.

तुमी ते बाहुली मांडीवर घेतल्या. म्हनल्या, "आधी आपले सगळे उपाय करू. मग हिला विचारू."

तवा सगुना म्हनली, "बाई, माझा बा पाळ दुरुस्त करते तवा मातीले पाय देते. वल्ल्या मातीचा पातळ थर, तो तुडवायचा. मंग दुसरा थर. थर नाही तुडवला त पानी आतून खाते." आन सातही जनी लुगडे खोचून उतरल्या. भर दुपारी, पायाखाली चपचप आवाज. घामानं वल्ल्या, तोंडावर चिखल. थरावर थर.

पाळ थांबली, बाई. पानी तिच्या पोटाशी उभं राह्यलं आन हाललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बी होतं. एका बेडकानं तिथं बिऱ्हाड केलं.

सगुना पाळीपाशी उकिडवी बसली होती. हळूच म्हनली, "बाई, सून न टाकता थांबलं."

लहान पोट्टीनं ईचारलं, "मंग तिले काऊन टाकलं?"

मी उत्तर द्याले तोंड उघडलो, मले त्याच्यावर एक गानं येत होतं. मंग मिटलो. तुमी बाहुलीचं तोंड पुसल्या आन तिले टोपलीवर नेऊन बसवल्या.

त्याच सकाळची हजेरी. मी विहिरीपाशी घडा घासून राह्यलो होतो. झाशीवाली हजर, घाटवाली हजर, सातही हजर. "तलावाची सून?"

"हजर."

मोठ्यानं नाही. घड्याच्या तोंडात तोंड घालून बोललं का जसा आवाज येते तसा, खालून. उशिरा आलेली पोट्टी मार बसीन म्हनून बोलते, तितका हळू. माझ्या हातातला घडा विहिरीत पडला.

मी धावत आलो. तुमी माझ्याकडं पाह्यल्या, डोळ्यात राग घेऊन. सातही पोट्ट्या एकमेकीले धरून बसल्या होत्या. मी नाही म्हनायले पाह्यजे होतं. पन त्यायचे चेहरे पाह्यलो आन दात काढलो. पोट्ट्यायले वाटलं, मामाचीच गंमत. त्या हासल्या. माझे दात मात्र एकमेकावर आपटून राह्यले होते, ते हासन्यात लपून गेलं.

सांजेले पोते उचलाचं काम माझं. सात तुकडे सुके. आठवा वल्ला. पिळलो त पानी निघालं, आन तलावाच्या तळची काळी गाळमाती. मी तो तुकडा वाळू घातलो. दुसऱ्या दिवशी पुन्ना वल्ला. तिसऱ्या दिवशी बी. तुमी ईचारल्या, "डोमाभाऊ, हे पोतं रोज ओलं कसं?" मी म्हनलो, "माझ्या हातून पानी सांडते, जी. मी आहोच तसा बावळट." तुमी ईश्वास ठेवल्या, कारन तितकं त साऱ्या गावाले ठाऊक होतं. बाई, मी सांडलो नव्हतो. एक थेंब बी नाही. हे तुमाले सांगायचं राह्यलं, त्यातलं पयलं.

दुसरं मोठं हाये.

गोष्ट गावात गेली. आवाजाची गेली असती त लोकायनं नारळ फोडला असता आन झालं असतं. पन 'सून न टाकता थांबलं' हे वाक्य घराघरात गेलं. बाया तलावावर एकमेकीले ईचारू लागल्या. मालगुजाराच्या घरी त्याच्याच सुनेनं ईचारलं, म्हनतेत.

बाजाराच्या दिवशी दुपारी त्यानं आपल्या ओट्यावर सारं गाव बोलावलं. तुमाले बी. तुमी सात पोट्ट्यायले संगं घेऊन गेल्या, दोन दोनची रांग करून, जशी सहल. मी मागं, कारन मागं राहन्यात माझा हात कोनी धरत नाही.

मालगुजार म्हनला, "बाई, तुमी शिकलेल्या. आमी तुमचा मान करतो. पन आमच्या वाडवडलानं पाप केलं, असं ह्या पोट्ट्या म्हनून राह्यल्या. वरून तिले हाका मारता. हे बिलकुल नाही चालनार. उद्यापासून पोट्ट्या घरी. पडवी खाली करा."

सातही बाप मान खाली घालून उभे होते. सगुनाचा बा बी.

तुमी म्हनल्या, "हाक मी मारते. ओ कोण देतं, ते मला ठाऊक नाही." आन तुमी माझ्याकडं पाह्यल्या.

तुमच्या डोळ्यात तवा राग नव्हता, बाई. मागनं होतं. मी म्हनलो असतो का ते गंमत माझी, त डोम्याले चार शिव्या बसल्या असत्या, आन पोट्ट्यायची शाळा वाचली असती. शिव्या खायची मले सवय हाये, ते माझं जेवन हाये. मी तोंडात तंबाखूचा गोळा धरून पुढं झालो.

"मीच देतो जी ओ. दंडारीतला आवाज. पोट्ट्यायले भेव घालाले."

मालगुजारानं मले पायापासून डोक्यापर्यंत पाह्यलं. "देऊन दाखव."

मी छाती फुगवलो, नाक दाबलो, तोंड उघडलो. बाई, वीस वर्साची कला कुठी गेली कोन जाने. बोकड सुद्धा निघाला नाही. बोकडाचं पिलू निघालं. सारं गाव हासलं. हासनं थांबलं तसा मालगुजार तुमाले म्हनला, "बाई, तुमी मारा हाक. पाहू डोम्याची कला."

मी घाबरून तंबाखूचा गोळा गिळलो. तो नरड्यात अडकला. डोळ्यात पानी, तोंड गच्च मिटलेलं.

तुमी उभ्या राहल्या. शाळेत म्हनता तशाच म्हनल्या, "तलावाची सून?"

"हजर."

ओट्याच्या खालून आला, बाई. आमच्या साऱ्यायच्या पायाखालून. ऊन इतकं होतं का आपलीच सावली पायात शिरलेली, आन तरी माझ्या तळपायाले गारवा लागला. मालगुजाराचा हुक्का विझला. एक म्हातारी बसल्या जागी हात जोडून राह्यली. पयल्याच मिनिटाले कोनी 'सून आली' म्हनलं असतं त गाव पळालं असतं.

मी तो गोळा कसातरी खाली ढकललो, दोन्ही हात वर केलो आन दंडारीत करतो तसा मुजरा घातलो. "पाह्यले! काढला का नाही!"

मालगुजार माझ्याकडं पाहत राह्यला. मंग पोट्ट्यायकडं. मंग तुमच्याकडं. मंग उठला आन आत जाता जाता म्हनला, "पोट्ट्या जाऊ द्या शाळेत."

त्या दिवशी मी छाती काढून घरी आलो. सात पोट्ट्यायची शाळा मी वाचवलो, बाई, मी, डोम्या, एका खोट्यानं. बायकोले सांगितलो त ते म्हनली, हात धुऊन जेवा.

परत येतानी तुमी मले ईचारल्या होत्या, "डोमाभाऊ, तुम्ही तंबाखू गिळलीत?"

"हो जी."

"आवाज काढता काढता?"

मी गमच्यानं तोंड पुसलो. तुमी पुन्ना ईचारल्या नाही. तुमी माझं मिटलेलं तोंड पाह्यल्या होत्या, हे मले तवाच समजलं. तवापासून आपन दोघं बी त्या गोष्टीच्या बाजूबाजूनं चालत राह्यलो, जसं पाळीवरच्या बिळाच्या बाजूनं चालते. आज सांगतो. तो आवाज माझा नव्हता. आंगनातला बी नाही, ओट्यावरचा बी नाही. माझा फक्त पयला, धोतरवाला.

सगुनानं हे लिहतानी मान वर केली नाही. मले वाटलं होतं, ते दचकीन.

मंग तुमाले हिवताप धरला. लागनीचे दिवस, पोट्ट्या बांधीत धान लावाले, शाळा अशीही रिकामी. दुपारी मी आंबील घेऊन येत होतो. तुमी दोन घोट घेत होत्या, उरलेली मी पीत होतो आन सांगत होतो का बाईनं सारी पेली. शेवटल्या दिवशी तुमी डोळे उघडल्या आन म्हनल्या, "डोमाभाऊ, वीस वर्षं तुम्ही ती झालात. खरं सांगा. पायरी उतरताना आत काय होत होतं?"

आपलं तेच भांडन. हासत गेली का नाही. आन मी गाढव, तुमच्या खाटेपाशी बसून म्हनलो, "पाय थंड पडते, जी."

तुमी हासल्या. डोळे मिटल्या. मी म्हनलो, उद्या खरं सांगीन. उद्या तुमी नव्हत्या.

खरं हे हाये. पायरी उतरतानी दरवर्सी मले मागं वळावंसं वाटे. कोनी म्हनीन का, थांब. गानं संपेपर्यंत मी वाट पाहत होतो. सारं गाव समोर बसलेलं, आन कोनी थांब म्हनत नव्हतं. त्या अख्ख्या गान्यात मी हासत होतो कारन तोंड उघडं ठेवलं नाही त रडू आलं असतं. ते हासत नाही गेली, बाई. तुमी बरोबर होत्या. भांडन तुमी जिंकल्या. मले लवकर हारता आलं असतं त बरं झालं असतं.

तुमाले पाळीपलीकडच्या मसनात नेलं तवा पोट्ट्यायले यायची मनाई होती. त्या सातजनी पाळीवर उभ्या राहल्या, दोन दोनची रांग करून, एक सुटी. मी मागं वळून पाह्यलो. सुट्या पोट्टीच्या बाजूले बी कोनीतरी उभं होतं. ऊन डोळ्यात होतं, मी शपथ नाही घेत.

आता आजचं सांगतो आन पान संपवतो. एक पान देल्लं होतं, सगुना म्हनते हे सहावं हाये.

हेडगुरुजीनं सांगितलं होतं का दुसरी मास्तरीन येईपर्यंत पोट्ट्यायनं घरी राहावं. दुसरी कवा येते, देव जाने. आज सकाळी मी रूळ वाजवलो पोरायसाठी. पडवीकडं पाहायचं नाही असं ठरवलं होतं. पाह्यलो. सातही जनी आपापला तुकडा घेऊन येऊन बसल्या होत्या. आठवा तुकडा आंथरलेला, कोरं पान ठेवलेलं. आन नववा. नवव्यावर तुमची छत्री.

हेडगुरुजी दारात आले, पाह्यले, आन आत गेले.

सगुनानं हजेरी घेतली. झाशीवाली, घाटवाली, हत्तीवाली. मंग म्हनली, "तलावाची सून?" आन ओ आली, जशी येते तशी. आता कोनी दचकत नाही. मंग सगुना छत्रीकडं वळली आन म्हनली, "आमच्या बाई?"

कोनी बोललं नाही.

सातही पोट्ट्या छत्रीकडं पाहत राहल्या. पाळीवर सारस उगेच. मी रुळाखाली उभा, हातात हातोडी. सगुनानं लय वेळ वाट पाह्यली, तुमी पाहत होत्या त्याच्याहून जास्त. मंग वही मिटली. सगळ्यात लहान पोट्टीच्या डोळ्यातून पानी गळून राह्यलं होतं.

बाई, मले ते पाहवत नाही. उद्या मी ओ देतो. तुमचा आवाज मले येते. वर्सभर आयकलो हाये, 'पुरे, डोमाभाऊ' हे मी घरी एकटा असतो तवा म्हनून पाहतो. भिंतीमागून म्हनीन, धोतर सावरून, एकदाच. 'हजर'. पोट्ट्यायचं मन राहीन, त्या येत राहतीन, पडवी रिकामी होनार नाही. एकदा मालगुजाराच्या ओट्यावर मी शाळा वाचवलो, आता पुन्ना वाचवतो. कोनाले समजनार नाही. सगुना, हे बी लिही.

सगुनानं टाक थांबवला. माझ्याकडं पाह्यलं, धोतर दिसलं होतं त्या दिवशी पाह्यलं होतं तसंच.

"मामा, ओट्यावरचा आवाज तुमचा नव्हता हे साऱ्या गावाले तवाच समजलं होतं, मालगुजाराले बी. सून स्वतः हजर म्हनली म्हनून आमाले शाळेत जाऊ देल्लं, तुमच्यामुळं नाही. उद्या तोंड मिटून रूळ वाजवा. हाक बाईले मारली हाये, बोकडाले नाही."